किटली, मिस्त्री आणि सव्वीस मिनिटं

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही ताईने दिली. म्हणाली, "घरी आल्यावर रोज तासभर तुझा तो बेरियम ऐकून माझे कान किटले. आता यात लिही." ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून नुकतीच निवृत्त झाली आहे, त्यामुळे तपासायला तिच्याकडे सध्या मी एकटीच उरले आहे. आम्ही दोघीच राहतो. तिने लग्न केलं नाही, माझं राहून गेलं.

तर बेरियम. वही बिचारी, तिला कान झाकता येत नाहीत.

इंजिनाच्या धुरात नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटून तयार झालेले वायू असतात, छाती जाळणारे. ते रस्त्यावर यायच्या आधीच पकडायचे, हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची एक चिनी मातीची वीट असते, तिला आतून लेप द्यायचा. लेपात प्लॅटिनमचे कण असतात आणि बेरियम असतं. प्लॅटिनम त्या वायूला आणखी ऑक्सिजन जोडून देतं आणि बेरियम त्याचं मीठ करून पोटात घेतं. घेता घेता बेरियम भरतं. मग इंधन जास्त असलेल्या धुराची पाच सेकंदांची एक फुंकर मारायची. बेरियम धरलेलं सोडून देतं आणि सुटलेल्या वायूचा प्लॅटिनमपाशी साधा नायट्रोजन होतो, आपण श्वासात घेतो तोच. लेप रिकामा, पुन्हा भरायला मोकळा! ताईला मी आपल्या माळ्याचं उदाहरण दिलं. येईल ते वर टाकत राहायचं आणि भरला की एक दिवस उतरवायचा.

"आपला माळा नऊ वर्षांत उतरवलेला नाही," ताई म्हणाली.

मी इथली तंत्रज्ञ. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या कृतीने लेप दिले. या खेपेचा लेप मात्र माझ्या कृतीचा आहे. सगळे तो ओव्हनमध्ये झटपट वाळवतात, मी ओल्या फडक्याखाली दोन दिवस सावकाश वाळवला. घाईने वाळवलं की बेरियमच्या गुठळ्या होतात, असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं आणि मला कोणी विचारत नव्हतं. या वर्षी मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, विचारलं.

बस डेपोची अट आहे की लेपाने दहा मिनिटं वायू धरून दाखवला पाहिजे. जुना लेप सात मिनिटं धरायचा. माझ्या लेपाने आज नऊ धरला. एका मिनिटावर घोडं अडलंय! २७ तारखेला डेपोचे साहेब स्वतः चाचणी बघायला येणार. दहा भरली तर ते लेप बसवून बघायला एक बस देणार आणि मॅडमनी शब्द दिलाय की अहवालावर माझं नाव पहिलं घालायचं. तंत्रज्ञाचं नाव पहिलं, असं या इमारतीत कधी घडलेलं नाही. दहा भरली नाहीत तर डेपो बाजारातलं तयार यंत्र घेणार आणि माझी कृती कपाटात जाणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज चाचणी नाही. लेप भट्टीत तापवून साफ करत होते. तसं आम्ही दर चाचणीनंतर करतोच.

मिस्त्री आले होते. ते तळमजल्यावरच्या वर्कशॉपचे. नळ्या, जोड, पंप, जे गळेल ते त्यांच्याकडे. आमची लिफ्ट सिलिंडरांसाठी राखीव, म्हणून चार जिने चढून आले. हातात किटली. कोणीतरी भंगारात टाकलेली विजेची किटली त्यांनी दुरुस्त केली होती.

"बाई, कॉइल जरा मोठी घातलीये. दोन मिनिटांत उकळते का नाही बघा."

"मला कशाला हो किटली?"

"तुम्ही म्हणाला होता, वर येईस्तोवर चहा गार होतो."

म्हणाले असेन. कधी ते मला आठवत नाही, वर्ष तरी झालं असेल. मिस्त्रींची स्मरणशक्ती दांडगी आहे, सगळ्या स्क्रूंची मापं तोंडपाठ असतात त्यांना. प्रयोगशाळेत खाणंपिणं बंद, म्हणून काचेपलीकडे माझ्या टेबलावर किटली मांडली. बटण दाबलं की वरची ट्यूबलाइट एकदा मिचकते, कोणी डोळा मारावा तशी. आम्ही दोघं हसलो. दोन मिनिटांत उकळली!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सोळा!

पुन्हा लिहिते. सोळा मिनिटं!!

अकराला मिस्त्री किटली नीट चालते ना ते बघायला आले, चहा झाला, वीसेक मिनिटांनी ते खाली गेले आणि मी चाचणी लावली. आठ मिनिटं, नऊ, दहा, आणि पडद्यावरची रेघ जमिनीला चिकटून! बाहेर वायू जवळजवळ शून्य. बाराव्या मिनिटाला मी खुर्चीवरून उठले, चौदाव्याला मॅडमना हाक मारली, सोळाव्याला रेघ वर उचलली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. मॅडम डॉक्टरेटवाल्या, माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि सहसा हात धरणाऱ्यातल्या नाहीत.

मग त्या भानावर आल्या आणि म्हणाल्या, "तपासा." किती वायू आहे हे आधीच माहीत असलेल्या बाटलीतला वायू मोजणीयंत्राला दिला. बरोबर दाखवतंय. नोंदपत्रक पाहिलं. भट्टी, वाफ, पट्टी, सगळ्या रकान्यांत तासातासाला बरोबरच्या खुणा. पट्टी म्हणजे भट्टीपासून मोजणीयंत्रापर्यंतच्या नळीला गुंडाळलेली गरम पट्टी, म्हणजे धुरातल्या वाफेचं वाटेतच पाणी होऊ नये. तिचा डबा सिलिंडरांच्या मागे आहे, सकाळी बटण दाबलं की दिवसाची निश्चिंती. माझ्या पत्रकात चौदा वर्षांत एक रकाना रिकामा नाही. नव्या मुलांना मॅडम ते नमुना म्हणून दाखवतात.

मला आभाळ ठेंगणं झालंय. घरी येताना मी दोनदा रस्ता चुकले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एकवीस!

आज चहा पाऊण तास चालला. मिस्त्री त्यांच्या आधीच्या कारखान्यातल्या एका पंपाची गोष्ट सांगत होते, जो फक्त शिव्या दिल्यावर सुरू व्हायचा. कुठली शिवी ते काही केल्या सांगेनात. मी हसून हसून दमले आणि मग चाचणी लावली. कालच्याच लेपाने कालच्याहून पाच मिनिटं जास्त धरलं. वापरून वापरून तो सुधारतोय की काय! नव्या चपलेसारखा पायात बसतोय बहुतेक.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुपारी ताई भाजी निवडत होती आणि मी सांगत होते. ती मधेच म्हणाली, "हे मिस्त्री रोज येतात?"

"रोज. चहाला."

"चार जिने चढून?"

"त्यांच्याकडे किटली नाही ना."

"तुझ्याकडची किटली कोणी दिली?"

"त्यांनीच."

ताईने माझ्याकडे पाहिलं. ढ पोराला फळ्यापाशी बोलावून ती असंच पाहत असणार. मग पुन्हा भाजीकडे वळली. तिला विज्ञानात गती नाही, त्याला ती तरी काय करणार.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नऊ. रडू येतंय.

मिस्त्री आज रजेवर, पुतण्याचं घर लावायला गेले होते. मला एकटीला चहा गोड लागत नाही, म्हणून केला नाही. अकराला तडक चाचणी लावली आणि नऊ. सगळं तसंच, खुणा तशाच, लेप तोच. जेवले नाही. मॅडम म्हणाल्या, "एखादा दिवस असतो." पण त्याही जेवल्या नाहीत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बावीस! मिस्त्री आले, चहा झाला, बावीस!

मी मॅडमना गमतीत म्हटलं, "मिस्त्रींचा पायगुण." मॅडम गंभीर झाल्या. "असलं काही बोलू नका. हे शास्त्र आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते." मग पेन्सिल चावत म्हणाल्या, "एक शक्यता आहे. अकरानंतर खालच्या मजल्यावरचा मोठा पंप बंद होतो. हादरे कमी होतात." काल पंप कधी बंद झाला ते विचारायला त्या स्वतः खाली जाऊन आल्या. रोजच्याच वेळी झाला होता. वर येऊन खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तरी उद्यापासून चाचणीआधी चहा होऊ द्या. परिस्थिती तीच ठेवायची म्हणून."

म्हणजे शास्त्र म्हणून, हं. पायगुण म्हणून नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मॅडमनी डेपोला पत्र धाडलं. "वीस मिनिटांहून अधिक," असं छापील अक्षरांत. अहवालाच्या पहिल्या पानाची प्रत मला दाखवली. माझं नाव पहिलं, त्यांचं दुसरं. मी ते पान टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. दर अर्ध्या तासाने चष्मा पुसून वाचते.

मिस्त्रींनी आज नळीचा शेवटचा जोड बदलला. तो आतून खाल्ला गेला होता, तपकिरी, भुसभुशीत. ते बोटावर घेऊन उन्हात धरून बघत बसले.

"बाई, हा जोड दहा वर्षं टिकतो. हा तर आम्ही मागच्या महिन्यात बसवला."

"जुना माल असेल."

"माल मीच आणला." मग म्हणाले, "हे ॲसिडचं खाणं आहे. ॲसिड कुठून आलं?"

मी त्यांना चहा दिला. माणसाने एवढा विचार करू नये. चहा पाऊण तास, चोवीस मिनिटं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मिस्त्रींवर मी आज ओरडले. त्यांना ती ट्यूबलाइट मिचकते ते खुपत होतं. "ही लाइन कमजोर आहे बाई. किटली जास्त ओढतेय. दुसरी वायर टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम."

"कशालाही हात लावायचा नाही!" मी म्हटलं. "२७ तारखेपर्यंत या खोलीतली खुर्चीसुद्धा हलणार नाही."

"ट्यूबचा आणि तुमच्या चाचणीचा काय संबंध?"

"संबंध नाहीच. म्हणून तर हात लावू नका."

ते हसले आणि वायरचं भेंडोळं खांद्याला लावून पुन्हा चार जिने उतरून गेले. मला वाईट वाटलं. उद्या चहात साखर जास्त घालीन. ते दर वेळी शेवटचे दोन घोट ठेवतात, बहुतेक साखर कमी पडते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सव्वीस. सव्वीस! आज चहा तासभर चालला, मिस्त्रींनी शिवी सांगितली (इथे लिहीत नाही, ताई वही वाचते असा मला दाट संशय आहे). माझे पाय जमिनीला लागत नाहीत. नवे बूट घेतले, साहेबांसमोर उभं राहायला. ताई म्हणाली, टाचा उंच आहेत. मी म्हटलं, असू देत, मीही सध्या उंचच आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दुपारचे चार. टेबलावरच लिहितेय.

अकराला चहा झाला. मिस्त्री गेले. चाचणी लावून मी पत्रकात बाराची खूण करत होते आणि पेन हातातून सुटून सिलिंडरांच्या मागे गेलं. उचलायला वाकले. गुडघा दुखतो म्हणून मी तिथे सहसा वाकत नाही.

पट्टीचा डबा समोर होता. लाल दिवा मिचमिचत होता. आकडा एकतीस. तिथे एकशे ऐंशी हवा.

पहिल्यांदा मला वाटलं आजच बिघडला. बटण दाबलं, आकडा चढू लागला. तिकडे पडद्यावरची रेघही एकदम चढू लागली. मी चाचणी थांबवली आणि खूप वेळ जमिनीवरच बसले. मग उठून, पट्टी तापू देऊन, किटलीत पाणी भरलं, बटण दाबलं आणि धावत मागे येऊन वाकले. ट्यूबलाइटने डोळा मारला आणि त्याच क्षणी डबा झोपला. वीज पळभर दबली की तो सुरक्षेसाठी बंद पडतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय उठत नाही. भट्टी आणि मोजणीयंत्र स्टॅबिलायझरवर आहेत, त्यांना काही होत नाही. पट्टी एकटी भिंतीतल्या साध्या प्लगवर. माझ्या टेबलाच्या लाइनीवर.

म्हणजे रोज चहाला पट्टी बंद. नळी गार. वाफेचं पाणी व्हायचं, आमचा वायू त्या पाण्यात विरघळून ॲसिड व्हायचा आणि मोजणीयंत्रापर्यंत पोचायचाच नाही. चहा जितका लांबला तितकी नळी गार आणि तितका माझा आकडा मोठा. वायू माझा लेप धरत नव्हता, नळी धरत होती. मिस्त्रींचा जोड त्यानेच खाल्ला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आणि पत्रकात ‘पट्टी’च्या रकान्यात तासातासाला बरोबरची खूण. सुंदर अक्षरात. मी एकदाही वाकले नव्हते. चौदा वर्षांत बंद पडली नाही म्हणून मी बघणं कधी सोडलं तेही मला सांगता येणार नाही. लाजेने कान तापलेत.

लेप नऊच मिनिटं धरतो. परवा साहेब येणार. कोणाला काही कळलेलं नाही. फक्त मला आणि या वहीला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

ताईला काल बोलले नाही. सकाळी बूट घालताना तिनेच विचारलं, "उत्तर चुकलं?" कसं ओळखलंस म्हटलं तर म्हणाली, "तीस वर्षं हाच चेहरा बघत आले. पोरं खाडाखोड करावी की तसंच द्यावं, या विचारात असतात तेव्हा असा होतो."

"तू काय सांगायचीस त्यांना?"

"खाडाखोडीचे मी गुण कापत नसे."

मॅडमना दार लावून सगळं सांगितलं. डबा दाखवला, किटली लावून दाखवली. त्या माझ्याच शेजारी वाकल्या होत्या. मग उठल्या, साडी झटकली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "उद्या पाहुण्यांना चहा तर द्यावाच लागेल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, हो, द्यावाच लागेल की! चाचणीआधी पाहुण्यांना चहा देणं यात काय पाप आहे? काचेखाली ते पान होतं, माझं नाव वर.

"खालून मागवू," मी म्हटलं. "थर्मासमध्ये."

मॅडमनी डोळे मिटले. "बरं," म्हणाल्या. "खालूनच मागवा." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "मी ते बोलले नव्हते असं समजा." मी समजले. माणूसच आहेत त्याही.

मग मिस्त्रींना बोलवावं लागलं, कारण नळी आतून ॲसिडने माखलेली, पूर्ण बदलायला हवी. त्यांना सांगितलं तेव्हा ते किटलीकडे बघत राहिले. "माझी कॉइल," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, अहो, चूक माझी, वाकले मी नाही, आणि तुम्ही वायर टाकत होता तर मीच ओरडले. त्यांना ऐकू गेलं असं वाटलं नाही. दुपारभर खाली मान घालून एकेक जोड नवा बसवला. पट्टीच्या डब्याला आणि किटलीला वेगवेगळी वायर टाकली. तो डबा भिंतीवर डोळ्यांसमोर आणून लावला, म्हणजे मला वाकायला नको. चहा विचारला तर नको म्हणाले. आज पहिल्यांदा.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

किती लिहू!

साहेब साडेदहाला आले. जाड चष्मा, बाह्या दुमडलेल्या, हाताला वंगणाचा जुना डाग. मुळातले मेकॅनिक, हे मला बघताक्षणी कळलं. मॅडम तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "साहेब, पत्रात वीस लिहिलंय ते खोटं आहे. म्हणजे खोटं नाही, चूक आहे. माझी." आणि सगळं सांगितलं. किटली, ट्यूबलाइट, डबा, खुणा. आवाज कापत होता आणि नव्या बुटांच्या टाचाही. साहेबांचा चेहरा दगडासारखा. सांगून झाल्यावर विचारलं, "खरा आकडा किती?"

"नऊ."

"आणि आमची अट?"

"दहा."

"हं," म्हणाले. घड्याळ पाहिलं. मला वाटलं उठले. ते म्हणाले, "आलोच आहे तर एकदा दाखवा."

लावली. पट्टी एकशे ऐंशी, डोळ्यांसमोर. नऊ मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. रेघ उचलली, पाच सेकंदांची फुंकर मारली, रेघ खाली बसली. मी भट्टीचं तापमान वाढवायला हात पुढे केला, लेप साफ करायला. साहेब म्हणाले, "हे काय करता?"

"दर चाचणीनंतर तासभर तापवून साफ करतो."

"रस्त्यावर माझ्या बसला तासभर कोण तापवणार? तसंच चालू द्या. पुन्हा भरा."

वहीबाई, आम्ही हे कधी केलंच नव्हतं! एका पाठोपाठ एक, न तापवता, फक्त फुंकरीवर. सगळ्यांचं लक्ष किती धरतं याच्याकडे. पुन्हा लावलं. नऊ. फुंकर. नऊ. फुंकर. साहेबांनी खुर्ची ओढली, खालून आलेला गार चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस सगळेच करतात. मी दहावा बघायला बसतो." सहाव्या फेरीला मॅडम पळत जाऊन जुन्या लेपाची फाइल घेऊन आल्या. त्यांच्याआधीच्या कोणीतरी जुन्या लेपावर एकदा हे करून पाहिलं होतं: सात, साडेसहा, सहा, पाच. फुंकरीने तो पुरता रिकामा होत नसे, दर वेळी तळाशी थोडं राहायचं. गुठळ्यांच्या पोटात अडकलेलं. माझ्या लेपात गुठळ्या नाहीत! फडक्याखाली सावकाश वाळवलेला, तो धरतो तेवढं सगळं सोडतो!

दहावी फेरी, नऊ मिनिटं. बारावी, नऊ मिनिटं. दुपारचा एक वाजून गेला, कोणी उठेना.

साहेब उठले. म्हणाले, "दहाची अट मीच घातली होती. चुकीची घातली. माझी बस नऊ मिनिटांत तीन थांबे घेते, मध्ये हवी तेवढी फुंकर मारू. पण पोट साफ राहत नसेल तर वीस मिनिटं धरून मी काय करू?" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही चहाचं सांगितलं नसतं तर मी सव्वीस बघून सही करून घरी गेलो असतो. आणि महिन्याने बस परत आणून तुमच्या दारात लावली असती." मे महिन्यापासून एक बस मिळणार आहे. सगळ्यात जुनी, सगळ्यात धूर ओकणारी. नवी देतात होय कोणी!

साहेब गेल्यावर मॅडमनी दार लावलं आणि आम्ही दोघींनी त्या खोलीत उड्या मारल्या. अक्षरशः. माझी टाच तुटली.

अहवाल पुन्हा छापायचाय, आकडा बदलून. नावं आहेत तिथेच आहेत.

मिस्त्री वर आले नाहीत.

सोमवार, ३ मार्च

शुक्रवारी आले नाहीत. आज अकरा वाजले, साडेअकरा वाजले. वायर वेगळी झालेली, आता किटली कितीही लावली तरी ट्यूबलाइट डोळा मारत नाही. ती मारत नाही याचंच मला इतकं वाईट वाटलं की मी स्वतःवरच चकित झाले. पाणी उकळलं आणि तसंच गार झालं.

मग किटली उचलली आणि चार जिने उतरले. चौदा वर्षांत मी वर्कशॉपमध्ये कधी गेलेच नव्हते, काही बिघडलं की फोन करायचे आणि ते यायचे. आत पत्र्याच्या फळीवर हत्यारं मापाप्रमाणे लावलेली. आणि फळीच्या टोकाला एक किटली. चकचकीत, नवी, झाकणावर धूळ. शेजारी एकच कप.

"तुमच्याकडे किटली आहे," मी म्हटलं.

मिस्त्री कानस ठेवून उभे राहिले. "आहे. पुतण्याने दिली दोन वर्षांपूर्वी. वापरत नाही. डॉक्टरांनी चहा बंद केलाय, पित्त उसळतं."

"मग रोज माझ्याकडे?"

"तुम्ही कप भरूनच द्यायचात." मग घाईने म्हणाले, "बाई, माझ्यामुळे तुमचं नाव जायची वेळ आली होती. कुठल्या तोंडाने वर येणार?"

"नाव आहे. पहिलं आहे. बसही मिळाली." मी किटली फळीवर त्यांच्या किटलीशेजारी ठेवली. "मिस्त्री, तुम्ही चहासाठी येत नव्हता."

"नाही."

"मग कशासाठी?"

त्यांनी फडक्याने एकेक बोट पुसलं. दहाही बोटं. "ते तुम्हाला कळायला किती वेळ लागेल, हे मोजायचं मी सोडून दिलं होतं," म्हणाले.

मला हसू आलं, रडूही आलं, आणि मग जे विचारायचं ते मी तिथेच, कानशी आणि पान्ह्यांसमोर, सरळ विचारलं. हो म्हणायला त्यांना एक सेकंदही लागला नाही. मग मी एका लोखंडी पेटीवर बसले, ती वंगणाची निघाली. साडी गेली.

घरी आले तेव्हा ताई दारातच होती. पदराचा डाग बघितला, माझं तोंड बघितलं.

"नुसती खूण करून आलीस," म्हणाली, "की या वेळी वाकून बघितलंस?"

"बघितलं. विचारलंसुद्धा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चहा सोडून काहीही चालेल."

ताई हसायला लागली ती थांबेना, डोळ्यांना पदर लावून हसत राहिली, आणि मधेच केव्हातरी ते नुसतं हसणं राहिलं नाही. मी तिला पाणी दिलं. मग नाक पुसून तिने जाहीर केलं की रविवारी माळा उतरवायचा, नऊ वर्षं झाली, घरात जागा करायला हवी. शिडी मिस्त्री आणणार आहेत.